गायकावाचून गाणे : ऑल्टन एलिस आणि त्यांचे चाहते

घरातील वडीलधारे माणूस गेले म्हणजे घरातील मंडळींनी शोक करावा, यात नवल नाही. ज्याच्या धाकात आणि मायेत माणूस वाढतो, त्याच्यासाठी डोळे भरून यावेत हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्याची कधी भेट झाली नाही, ज्याच्याशी एक शब्दही बोलणे झाले नाही, अशा गायकाच्या मृत्यूची वार्ता ऐकून माणसे आपलेच कोणी गेल्यासारखी हळहळतात, हे मात्र विचार करण्याजोगे आहे. हा शोक नेमका कशाचा असतो? गेलेल्या माणसाचा, त्याच्या आवाजाचा, की तो आवाज ज्या काळात प्रथम ऐकला त्या स्वतःच्याच तारुण्याचा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जमैका बेटावरील एका गायकाचे उदाहरण उपयोगी पडेल.

१० ऑक्टोबर २००८ या दिवशी लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालयात ऑल्टन एलिस यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात रोगाचे निदान झाले, उपचार झाले आणि जरा उतार पडताच हा गृहस्थ पुन्हा रंगमंचावर उभा राहून गाऊ लागला. 'रॉकस्टेडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गायनप्रकाराचे जनक म्हणून जमैकन लोक त्यांचा गौरव करीत. अशा गायकाच्या निधनाची बातमी आली म्हणजे जमैकन लोकांची एक रीत आहे. ते मौन पाळून बसत नाहीत. ते कपाटातील जुन्या तबकड्या काढतात, त्यांवरील धूळ पुसतात आणि गेलेल्याचा आवाज शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल इतका मोठा करून लावतात. दुःखाच्या प्रसंगी गाणे लावणे आपल्याला कदाचित विचित्र वाटेल. परंतु त्यांच्या दृष्टीने तीच श्रद्धांजली होय. ती तशी का, हे समजण्यासाठी त्या बेटाची आणि त्या गाण्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

कॅरिबियन समुद्रातील जमैका हे बेट विस्ताराने गोव्याच्या साधारण तिप्पट आहे. ६ ऑगस्ट १९६२ रोजी ते ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाले. त्यापूर्वीच्या दहा-वीस वर्षांत उसाच्या व केळीच्या मळ्यांवर पोट भरेनासे झालेली हजारो कुटुंबे राजधानी किंग्स्टनकडे लोटली होती. शहराच्या पश्चिम भागात त्यांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ट्रेंचटाउन ही वस्ती पुढे जगाला संगीतासाठी ठाऊक झाली. त्या काळी मात्र एका सामाईक अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडे, सामाईक नळ आणि सामाईक चूल, असाच तेथील संसार होता. १९३८ मध्ये जन्मलेले एलिस याच वस्तीत वाढले. त्यांची बहीण हॉर्टेन्स हीही पुढे नामांकित गायिका झाली.

या वस्त्यांतील फार थोड्या घरांना ग्रामोफोन परवडे. त्यामुळे तेथे एक निराळीच सोय निर्माण झाली. एखादा उत्साही दुकानदार कपाटाएवढे ध्वनिवर्धक तयार करवून घेई. ते मालमोटारीवर चढवून मोकळ्या अंगणात आणी, तेथे तबकड्या वाजवी आणि प्रवेशमूल्य व पेयांची विक्री यांवर आपला व्यवसाय करी. या सरंजामाला 'साउंड सिस्टिम' म्हणत. आठवडाभर राबणारा मजूर, शिवणकाम करणारी मुलगी, बंदरावरचा हमाल अशी सारी मंडळी शनिवारी रात्री या अंगणात नाचावयास जमत. आरंभी तेथे अमेरिकेतून आणलेल्या तबकड्या वाजत. परंतु १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील अभिरुची बदलली आणि जमैकन लोकांना आवडे तशा तबकड्या तिकडून मिळेनात. तेव्हा क्लेमेंट डॉड आणि ड्यूक रीड यांच्यासारख्या साउंड सिस्टिमच्या मालकांनी गावातील गायकांना बोलावून स्वतःच ध्वनिमुद्रण करण्यास प्रारंभ केला. जमैकाचा ध्वनिमुद्रिकांचा धंदा असा अंगणातल्या नाचातून जन्माला आला.

गायक मिळवण्याचा एक मार्गही तयार होता. व्हिअर जॉन्स नावाचे एक पत्रकार किंग्स्टनच्या चित्रपटगृहांत होतकरू कलावंतांच्या स्पर्धा भरवीत. निवाडा प्रेक्षकांच्या टाळ्यांवर होई. नावडत्या गायकाची हुर्यो उडविण्यातही हे प्रेक्षक मागेपुढे पाहत नसत. एलिस या स्पर्धांत प्रथम उतरले ते नर्तक म्हणून. गाण्याकडे ते मागाहून वळले. एडी पर्किन्स या मित्रासह त्यांनी १९५९ मध्ये डॉड यांच्यासाठी 'म्युरिएल' हे गीत गायिले आणि ते लोकप्रिय झाले. परंतु जोडीदार लवकरच अमेरिकेला निघून गेला आणि एलिस मुद्रणालयात काम करू लागले. एक गाणे गाजले म्हणून पोट भरत नाही, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास जमैकात 'स्का' नावाचे संगीत जोरात होते. ते द्रुत लयीचे असे. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचा त्यात गजर असे आणि नाचणाऱ्याला क्षणाचीही उसंत नसे. नव्या राष्ट्राचा उत्साह त्यात प्रतिबिंबित झाला होता असे म्हणतात, ते खोटे नाही. परंतु १९६६ च्या उत्तरार्धात ही लय अकस्मात मंदावली. असे का झाले, याविषयी अनेक हकीकती सांगितल्या जातात. त्या वर्षीचा उन्हाळा इतका कडक होता की लोकांना द्रुत लयीत नाचवेना, ही त्यांपैकी एक. एके दिवशी बेस गिटार वाजवणारा ध्वनिमुद्रणाला आलाच नाही, तेव्हा जॅकी मिटू या तरुण वादकाला तो भाग पेटीसारख्या पट्टीवाद्यावर वाजवावा लागला आणि जुनी गती न साधल्यामुळे गाणे संथ झाले, अशी दुसरी हकीकत आहे. हे गाणे म्हणजे एलिस यांचेच 'गर्ल आय हॅव गॉट अ डेट' होय, असे सांगतात. होपटन लुईस या गायकाला स्काची धावपळ झेपेना, म्हणून त्याने वादकांना सावकाश वाजवण्यास सांगितले, अशी तिसरी हकीकत आहे. अमेरिकेतील निग्रो समाजाच्या भावपूर्ण 'सोल' गायनाचा प्रभाव हे तर उघडच कारण होते. वस्तुतः एखादी नवी चाल रूढ होते तेव्हा तिला एकच कारण क्वचितच असते.

कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. लय संथ होताच दोन सुरांमध्ये मोकळी जागा निर्माण झाली. पूर्वी अखंड चालणारे बेस गिटारचे स्वर आता थांबत थांबत येऊ लागले आणि लहान लहान स्वरावली रचू लागले. त्रिनिदादहून आलेले गिटारवादक लिन टेट त्याच स्वरावलीला आपल्या तारांवर साथ देऊ लागले. ढोलाचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर पडू लागला. फुंकवाद्यांचा गजर मागे सरला. या मोकळ्या जागेत गायकाचा कंठ प्रथमच पूर्णपणे ऐकू आला. स्कामध्ये गायक हा वाद्यमेळातील एक घटक होता, तर रॉकस्टेडीमध्ये तो मध्यभागी आला. नाचणाऱ्यांचेही तसेच झाले. अंगणभर उड्या मारण्याचे कारण उरले नाही. एका जागी उभे राहून खांदे आणि कंबर हलवीत, जोडीदाराचा हात धरून सारी रात्र नाचता येऊ लागले. त्या मंद नाचात कित्येकांचे विवाह जुळले असतील, याची गणना कोण करणार?

१९६७ मध्ये एलिस यांनी ड्यूक रीड यांच्या ध्वनिमुद्रणगृहात 'रॉक स्टेडी' या नावाचे गीत गायिले. नव्या प्रकाराचे नाव शीर्षकात घेणारे हे पहिलेवहिले गीत मानले जाते. हे ध्वनिमुद्रणगृह किंग्स्टनच्या बॉंड स्ट्रीटवर रीड यांच्या मद्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. मालक स्वतः पूर्वी पोलीस खात्यात नोकरीस होते. त्या वरच्या मजल्यावर टॉमी मॅकूक यांच्या वाद्यवृंदाच्या साथीने ज्या तबकड्या निघाल्या, त्या आजही रॉकस्टेडीचा आदर्श मानल्या जातात.

एलिस यांचा आवाज मोठा भारदस्त नव्हता. तो मऊ होता, आर्जवी होता. वरच्या स्वरांत तो किंचित कापे आणि त्या कंपातच त्याची सारी मोहिनी होती. बहुतेक गीतांचा विषय प्रेम, त्यातही विरहाचे प्रेम. तथापि केवळ प्रेमगीते गाऊन ते थांबले नाहीत. त्या काळात किंग्स्टनच्या वस्त्यांतून बेकार तरुणांच्या टोळ्या माजल्या होत्या. त्यांना 'रूड बॉय' म्हणत. हे तरुण सुरे घेऊन नाचाच्या अंगणात शिरत, मारामाऱ्या करीत आणि जमलेल्यांचा रसभंग करीत. कित्येक गायकांनी या टोळ्यांचे गुणगान करणारी गीते गायिली, कारण ती खपत. एलिस यांनी १९६५ मध्ये 'डान्स क्रॅशर' या गीतात याच्या अगदी उलट सूर लावला. नाच उधळून लावणाऱ्या तरुणाला त्यांनी थोरल्या भावाच्या मायेने सांगितले की हा मार्ग सोड. ज्या अंगणात ते गीत वाजे, त्याच अंगणात तो तरुणही उभा असे. उपदेश करावयाचा तर तो ऐकणाऱ्याच्या तोंडावर आणि त्याला आवडेल अशा चालीत करावा, हे धैर्य थोड्यांपाशी असते. एलिस यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या समवयस्कांना जे हरवल्यासारखे वाटले, त्यात या वडीलकीचाही वाटा होता.

रॉकस्टेडीचे आयुष्य मात्र फार अल्प ठरले. १९६८ मध्ये लय पुन्हा बदलली. टूट्स हिबर्ट आणि त्यांच्या साथीदारांनी त्या वर्षी काढलेल्या एका गीताच्या शीर्षकात 'रेगे' हा शब्द आला आणि त्या नव्या नावानेच पुढचे युग ओळखले गेले. म्हणजे रॉकस्टेडीच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली. दोन वर्षांच्या एका लाटेसाठी माणसांनी चाळीस वर्षांनंतर अश्रू ढाळावेत, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. याचे कारण त्या दोन वर्षांत नव्हे, तर त्यानंतर जे घडले त्यात आहे.

जमैकन लोक देशांतर करणारे आहेत. १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' या जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे लोक लंडनला उतरले, तेव्हापासून ब्रिटनकडे जाणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनचे दार बरेचसे लोटून घेतल्यावर हा ओघ अमेरिका व कॅनडाकडे वळला. ज्यांनी विशीत असताना किंग्स्टनच्या अंगणात रॉकस्टेडीवर नाच केला होता, त्यांतले पुष्कळजण तिशीत लंडनच्या बसगाड्यांवर, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत कामाला होते. त्यांनी मायदेश सोडला तेव्हा सामानात फारसे काही नव्हते. परंतु सात इंची तबकड्या मात्र होत्या. बर्फ पडत असताना बंद खोलीत ती तबकडी लावली की क्षणभर ते अंगण, ती रात्र आणि आपण मागे सोडलेले लोक परत येत. मायदेशी संगीत पुढे गेले, नवनवे प्रकार आले. परदेशी गेलेल्या माणसाच्या मनात मात्र घड्याळ तो ज्या दिवशी निघाला त्या दिवशीच थांबलेले असते. म्हणून रॉकस्टेडी ही त्या पिढीपुरती दोन वर्षांची लाट उरली नाही. ती तिची कायमची मायभूमी झाली. पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर राहून आपली भाषा व गाणी जतन करणाऱ्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गायकांचेही तेच झाले. फिलिस डिलन ही रॉकस्टेडीची राणी समजली जाणारी गायिका १९६७ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेली. तेथे ती बँकेत नोकरी करी आणि अधूनमधून किंग्स्टनला येऊन गाणी मुद्रित करी. पुढे तिने गाणे जवळजवळ सोडूनच दिले. २००४ मध्ये ती न्यूयॉर्कजवळच वारली. स्वतः एलिस यांनी १९६७ मध्ये केन बूथ आणि इतर साथीदारांसह ब्रिटनचा दौरा केला होता. पुढे काही काळ कॅनडात राहून १९७० नंतरच्या वर्षांत ते लंडनला स्थायिक झाले. म्हणजे ज्यांच्यासाठी ते गात, त्यांच्यासारखेच तेही परदेशात घर करून राहिलेले होते. लंडनमधील श्रोत्याला ते दूरचे नामवंत वाटत नसत. आपल्याच गल्लीत, आपल्याच थंडीत राहणारे आपल्या गावचे माणूस वाटत.

येथे जमैकन लोकांच्या शोकविधीकडेही वळले पाहिजे. त्यांच्यात 'नाइन नाइट' म्हणजे नवरात्रीच्या जागरणाची जुनी प्रथा आहे. आपल्याकडे दहाव्या-तेराव्या दिवसाला जसे महत्त्व, तसेच तेथे नवव्या रात्रीला असते. मृत्यू झालेल्या घराच्या अंगणात शेजारीपाजारी व नातलग रात्री जमतात. तळलेली मासळी, पाव, कॉफी आणि उसाची पांढरी रम यांची व्यवस्था असते. एकीकडे डोमिनोचा खेळ रंगतो, तर दुसरीकडे प्रार्थनागीते म्हटली जातात. एकजण ओळ वाचतो आणि बाकीचे ती सुरात उचलून धरतात. गेलेल्याच्या गोष्टी निघतात, हसणेही होते. नवव्या रात्री मृतात्म्याला निरोप द्यावयाचा असतो. त्याने परत फिरून घरात घोटाळू नये म्हणून त्याच्या खोलीतील सामानाची मांडणी बदलण्याचीही रूढी आहे. या विधीची मुळे एकीकडे आफ्रिकेत आणि दुसरीकडे ख्रिस्ती उपासनेत गेलेली आहेत. आधुनिक काळात प्रार्थनागीतांच्या जोडीला साउंड सिस्टिमही या अंगणात येऊन उभी राहिली आहे. शोक हा एकट्याने कोपऱ्यात बसून करावयाचा नसून दहाजणांत मिसळून, आवाज चढवून करावयाचा असतो, ही यामागची समजूत आहे. तेव्हा गायकाच्या मृत्यूनंतर त्याच्या तबकड्या मोठ्याने लावणे यात विसंगती मुळीच नाही. ती नवव्या रात्रीचीच एक शाखा होय.

परंतु या शोकात एक सलही आहे आणि तो लपवून चालणार नाही. एलिस यांची गाणी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक फिरली. जमैकन संगीतात एकदा तयार झालेला वाद्यमेळ, ज्याला तेथे 'रिडिम' म्हणतात, तो पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत आहे. आपल्या भजनी मंडळांत एकाच चालीवर अनेक अभंग म्हटले जातात, त्याशी याची तुलना करता येईल. एलिस यांनी १९६७ मध्ये डॉड यांच्यासाठी गायिलेले 'आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू' हे गीत घ्यावे. त्याची चाल मार्शिया एटकेन हिने १९७७ मध्ये नव्याने गायिली. त्याच वाद्यमेळावर अल्थिया आणि डोना या दोन शाळकरी वयाच्या मुलींनी 'अपटाउन टॉप रँकिंग' हे गीत केले आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये ते ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सुमारे पंचवीस वर्षांनंतर शॉन पॉल आणि साशा यांनी तेच मूळ गीत पुन्हा गायिले आणि २००४ मध्ये ते अमेरिकेतही गाजले. त्यांचे 'मॅड मॅड' हे १९६७ मधील दुसरे गीत. त्याच्या वाद्यमेळावर यलोमॅन या गायकाने १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी आपले सर्वांत गाजलेले गीत रचले आणि तेथून ती चाल अमेरिकेतील रॅप संगीतातही शिरली. ज्या तरुणांनी एलिस हे नावही ऐकलेले नाही, ते त्यांच्या चालीवर नाचत आले आहेत.

या साऱ्या प्रवासात मूळ गायकाच्या हाती काय पडले? १९६० नंतरच्या किंग्स्टनमध्ये गायकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ठरावीक रक्कम देऊन बोळवण्याचा प्रघात होता. लेखी करार क्वचितच होत. गीत कोणी रचले याची नोंद कधी होई, कधी होत नसे. होत असे तेव्हाही ती बरोबर असेलच याची खात्री नसे. कायद्याचे म्हणावे तर स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे तेथे १९११ चा जुना ब्रिटिश स्वामित्वहक्क कायदाच लागू होता. जमैकाचा स्वतःचा कायदा १९९३ मध्ये झाला. तोवर रॉकस्टेडीच्या तबकड्या निघून पंचवीस वर्षे लोटली होती, अनेक गायक वृद्ध झाले होते आणि काही तर निवर्तले होते. आपल्या गाण्यांचा न्याय्य मोबदला आपणास मिळाला नाही, ही खंत त्या पिढीतील बहुतेक गायकांनी बोलून दाखविली आहे. एलिस यांना सरकारने 'ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन' हा सन्मान दिला, परदेशातही त्यांचा गौरव झाला. परंतु गौरवाने मोबदल्याची भरपाई होत नाही. स्वतःची गाणी स्वतः प्रसिद्ध करता यावीत म्हणून लंडनमध्ये त्यांनी आपल्या नावाशी जुळणारी एक छापही काढली होती. हा माणूस आजारपणातही गात राहिला, त्याचे कारण केवळ कलेवरील निष्ठा एवढेच होते असे मानून मोकळे होणे श्रोत्याला सोयीचे असते. रंगमंच हे त्या पिढीतील गायकांचे उपजीविकेचे साधनही होते, हे विसरता कामा नये.

म्हणूनच गायकाच्या मृत्यूनंतर चाहत्यांना जो चटका लागतो, त्यात ऋणाची जाणीव मिसळलेली असते. ज्याने आपल्या आयुष्यातील सर्वांत गोड रात्री सजवल्या, त्याला आपण नाचाच्या प्रवेशमूल्याखेरीज काय दिले, असा प्रश्न मनात उभा राहतो. कापडाचा व्यापारी गेला तर त्याचे देणे वारसांना चुकवता येते. गाण्याचे देणे कसे चुकवावे, हे कोणी शिकवत नाही.

या ठिकाणी रॉकस्टेडीच्या काळातील एक घटना आठवते. ती एलिस यांच्या नव्हे, तर त्यांच्या समकालीन 'पॅरागॉन्स' या गायकत्रयीच्या गाण्याची आहे. स्पॅनिश टाउन या गावी रडी रेडवुड नावाच्या गृहस्थाची साउंड सिस्टिम होती. १९६७ च्या अखेरीच्या सुमारास त्याच्यासाठी रीड यांच्या ध्वनिमुद्रणगृहात 'ऑन द बीच' या लोकप्रिय गीताची एक खास तबकडी कोरली जात होती. ती कोरताना तंत्रज्ञाच्या हातून गायकांचा आवाज घालावयाचा राहून गेला. तबकडीवर नुसता वाद्यमेळ उतरला. दुसरा कोणी असता तर ती फेकून देता. रेडवुडने ती जपून ठेवली. नाचाच्या रात्री त्याने आधी गायकांचा आवाज असलेली नेहमीची तबकडी लावली आणि मग ही दुसरी. वाद्ये सुरू झाली, पण गायक येईनात. क्षणभर अंगण स्तब्ध झाले असेल. मग जमलेल्या लोकांनीच ते गाणे गाण्यास आरंभ केला आणि सारे अंगण एका सुरात गाऊ लागले. ही युक्ती इतकी लोकप्रिय झाली की जमैकात तबकडीच्या एका बाजूस गाणे आणि दुसऱ्या बाजूस गायकाविना नुसता वाद्यमेळ देण्याची रूढीच पडली. पुढे त्या मोकळ्या वाद्यमेळावर बोलगाणी म्हणणारे कलावंत निर्माण झाले. जगातील कितीतरी तरुण संगीताचे मूळ या एका चुकीपर्यंत जाऊन पोहोचते.

पॅरागॉन्समधील प्रमुख गायक जॉन होल्ट हे १९ ऑक्टोबर २०१४ रोजी लंडनमध्येच वारले. रेगेला नाव देणारे टूट्स हिबर्ट ११ सप्टेंबर २०२० रोजी किंग्स्टनमध्ये गेले. ती पिढी एकेक करून निघून जात आहे. प्रत्येक वेळी तबकडी लागते, वाद्ये सुरू होतात. आवाज तबकडीवर कोरलेला असल्यामुळे तो येतोही. परंतु तो आवाज ज्या गळ्यातून निघाला तो गळा आता नाही, ही जाणीव ऐकणाऱ्यांना असते. म्हणून तेही आपला आवाज त्यात मिसळतात. स्पॅनिश टाउनच्या त्या रात्री जे चुकून घडले, तेच शोक करणारे चाहते जाणूनबुजून करतात.

ऑल्टन एलिस यांच्या चाहत्यांचा शोक हा तेव्हा एका व्यक्तीपुरता नव्हता. त्यात सोडून आलेले अंगण होते, उलटून गेलेले तारुण्य होते आणि न फिटलेले एक देणेही होते. अंगण परत मिळत नाही आणि तारुण्यही मिळत नाही. देण्याचा काही भाग मात्र अजून फेडता येण्यासारखा आहे. ज्या चालीवर नवी पिढी नाचते ती चाल कोणाची, हे तिला नावानिशी सांगणे, तबकडीवरील नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त व्हावी म्हणून आग्रह धरणे आणि जे वृद्ध गायक अद्याप हयात आहेत त्यांचे मानधन त्यांच्या हयातीतच त्यांच्या हाती पडेल असे पाहणे, एवढे तर प्रत्येक काळातील व प्रत्येक देशातील रसिकाला करता येते. गायक गेल्यावर वाहिलेली फुले त्याला दिसत नाहीत. तो असताना दिलेला त्याचा वाटा मात्र त्याच्या घरची चूल पेटती ठेवतो.